वाचक विचारतात: स्कॉटलंडच्या खडीवाटा आणि आपली सायकल

गेल्या अंकात इन्व्हरनेसच्या आसपासच्या जंगलवाटांवरच्या सायकलिंगबद्दल मी दोन पानं लिहिली होती, त्यावर इतके प्रश्न आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं अशक्य झालं, म्हणून संपादकांनी या वेळचं सदर त्यालाच देऊया म्हटलं. मी मूळची साताऱ्याची, आता नऊ वर्षं इकडे हायलँड्समध्ये (स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात) राहते आणि वर्षातले सात-आठ महिने तरी ग्रॅव्हल बाइकवर (खडीच्या वाटांसाठीची, जाड टायरची सायकल) असते, त्यामुळे जे खाली लिहिलंय ते बहुतेक सगळं स्वतः चालवून, भिजून, ढकलून बघितलेलं आहे. बरेच प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

ताई, मी पुण्याची, वय ४९. दर रविवारी मुळशी, कधी ताम्हिणीपर्यंत हायब्रिडवर जाते पण सगळं डांबरी. लेक एडिनबरात असते, जूनमध्ये तिच्याकडे येतेय. चार दिवस हायलँड्समध्ये सायकल चालवायची आहे, तळी, जंगल, दऱ्या सगळं बघायचंय, पण खडीवर कधी चालवलेली नाही. सुरुवात कुठून करू?

अव्हीमोरहून. डोळे झाकून सांगते. एडिनबराहून थेट ट्रेन आहे, तीन तासांच्या आसपास लागतात, स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर केर्नगॉर्म्सचे डोंगर आणि गावातच भाड्याने सायकल मिळते. एकच खोली घ्या, रोज सकाळी निघा, संध्याकाळी परत या, सामान लादून फिरायच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका.

पहिल्या दिवशी फक्त लॉख अन एलेन. (लॉख म्हणजे तळं, इंग्रज लोक त्याला लॉक म्हणतात पण आपल्याकडे ख आहे, आपण बरोबर म्हणू शकतो!) गावापासून पाचेक किलोमीटर, मग तळ्याभोवती अजून पाचेक किलोमीटरची वाट, पाण्यात छोटंसं बेट आणि त्यावर पडका किल्ला. या वाटेवर हात सैल सोडायला शिका. आपल्याला डांबरावर हँडल घट्ट धरायची सवय असते, खडीवर तसं धरलं की पुढचं चाक उलट जास्त भरकटतं आणि संध्याकाळी मनगटं दुखतात. कोपर थोडे वाकलेले, नजर चाकाच्या दहा-बारा फूट पुढे, आणि वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मोठी फेरी करा, माझी या भागातली सगळ्यात लाडकी. लॉख अन एलेनवरून रोथीमर्कसच्या जंगलात शिरायचं, १९१२ साली बांधलेला केर्नगॉर्म क्लबचा लोखंडी पूल ओलांडायचा, पुढे जंगलात एक चौफुली येते तिला सगळे पिकॅडिली म्हणतात, तिथून लॉख मॉर्लिख. या तळ्याला खरीखुरी वाळूची चौपाटी आहे, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर. मग ग्लेनमोर, रायव्होनची खिंड, खिंडीत ते हिरवंगार छोटं तळं (त्याचं गेलिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषेतलं, नावच हिरवं तळं असं आहे), पुढे अॅबरनेथीचं जंगल, लॉख गार्टन, बोट ऑफ गार्टन नावाचं गाव आणि स्पेसाइड वे या वाटेने अव्हीमोरला परत. साधारण पंचेचाळीस किलोमीटर होतात. तुम्ही ताम्हिणी करता म्हणजे पाय आहेत तुमच्याकडे, पण वेळ मात्र डांबरावरच्या दुप्पट धरा. खडीवर माझा सरासरी वेग ताशी बारा-तेरा असतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

या जंगलातली झाडं जरा थांबून बघा. स्कॉट्स पाइन, जुनी झालेली खोडं वरच्या बाजूला अगदी केशरी-तांबूस दिसतात, पाऊस पडून गेल्यावर तर पेटल्यासारखी. हे जुन्या कॅलेडोनियन जंगलाचे उरलेले तुकडे आहेत, एकेकाळी बराच मोठा भाग असा होता. लॉख गार्टनला ऑस्प्रे घरटी करतात, ब्रिटनमधून जवळजवळ संपलेला हा पक्षी १९५४ मध्ये इथे परत आला, भिगवणला हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर जो मासे उचलताना दिसतो तोच हा पक्षी. आणि कॅपरकेली म्हणून टर्कीएवढा रानकोंबडा आहे, संपूर्ण स्कॉटलंडमध्ये आता जेमतेम पाचशेच्या आसपास उरलेत, म्हणून अॅबरनेथीत मुख्य वाट सोडून छोट्या पायवाटांवर सायकल घालू नका, एप्रिल-मे मध्ये तर अजिबातच नाही, तो त्यांचा विणीचा काळ असतो.

सायकल मुंबईहून घेऊन यावी का तिथे भाड्याने? आणि ग्रॅव्हल बाइकच हवी का, एमटीबी नाही चालणार? टायर किती जाड?

आठवड्याच्या आतली ट्रिप असेल तर भाड्याने. एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, पण अगदी चालते, खडबडीत वाटांवर बरी पण पडते, फक्त लांब सपाट पट्ट्यात कंटाळा येतो. ग्रॅव्हल बाइक घेतलीत तर टायर ४० मिलिमीटरच्या खाली नको, मी ४५ वापरते, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले), हवा कमी ठेवून. कारण इथल्या इस्टेटच्या (म्हणजे मोठ्या खाजगी जमिनींच्या) रस्त्यांवर पाणी वाहून जायला आडवे दगडी पाट बसवलेले असतात, उताराच्या धुंदीत तुम्ही त्याच्या कडेवर जोरात आदळलात की ट्यूब दोन ठिकाणी चावली जाते आणि गेला अर्धा तास.

भाड्याची सायकल घेताना दुकानातच दोन गोष्टी बघा, ब्रेक पॅड आणि सगळ्यात हलका गियर. एका दुकानातून मी घाईत घेतलेल्या सायकलचे मागचे पॅड पार झिजलेले होते, ते मला समजलं पावसात, उतारावर, जिथे परत फिरायला जागाच नव्हती. तेव्हापासून पॅड बाहेर काढून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

आणि एक सांगायचंच आहे. गावाकडे आपण डब्ल्यूबीएम रस्ता म्हणतो ना, डांबर पडायच्या आधीचा खडी-मुरूम दाबलेला रस्ता, त्यातला एम म्हणजे मॅकॅडम, आणि जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटलंडमधल्या एअरचा, १७५६ चा जन्म. बारीक फोडलेली खडी थराथराने दाबली की तीच एकमेकात घट्ट बसते, खाली मोठे दगड पसरायची गरज नाही, हे त्याचं म्हणणं. हवेचा टायर पण इकडचाच, स्टोनहेवनच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्ये पेटंट घेतलं होतं, डनलॉपच्या चाळीसेक वर्षं आधी, आणि तो डनलॉप सुद्धा एअरशायरमध्येच जन्मलेला. साताऱ्यात माझ्या आजोळचा रस्ता कितीतरी वर्षं डब्ल्यूबीएमच होता, त्यामुळे इथल्या खडीचा चाकाखालचा आवाज आला की मला परका वाटत नाही.

आम्ही नागपूरचे, आम्हाला जंगल म्हटलं की गेट, परमिट, वेळ, गाइड, फी. तिकडे खाजगी इस्टेटमधून सायकल कशी काय नेऊ देतात? कोणी अडवलं तर?

हा प्रश्न आला म्हणून खूप बरं वाटलं, कारण सगळ्याचं मूळ इथेच आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ चा जमीन सुधारणा कायदा आहे, त्यानुसार जवळपास सगळ्या जमिनीवर आणि तळ्या-नद्यांवर कुणालाही पायी, सायकलने, घोड्यावरून, होडीतून जायचा हक्क आहे, मालक कोणी का असेना. फी नाही, परमिट नाही. मोटार लावलेल्या वाहनाला मात्र हा हक्क नाही. आणि हा फक्त स्कॉटलंडचा कायदा, सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये गेलात की नियम बदलतात.

पण हक्काला एक शब्द चिकटलेला आहे, जबाबदारीने. घराचं अंगण, उभं पीक, हे सोडून. फाटक बंद असेल तर उघडून गेल्यावर बंदच करायचं, उघडं असेल तर उघडंच ठेवायचं. मागच्या वसंतात माझ्या पुढे गेलेल्या ग्रुपने एक फाटक तसंच टाकलं होतं आणि कोकरं असलेल्या मेंढ्या रस्त्यावर आल्या होत्या, त्या शेतकऱ्याचा चेहरा मी विसरले नाहीये, मी आणि तो दोघं मिळून वीस मिनिटं त्यांना आत हाकत होतो. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत बऱ्याच इस्टेटमध्ये हरणांची शिकार चालते, फाटकावर पाटी असते, आज अमुक बाजूला जाऊ नका, ती वाचा आणि ऐका.

तंबूचं पण तसंच, रस्त्यापासून आणि घरांपासून लांब, लहान ग्रुप, एका जागी दोन-तीन रात्रींच्या वर नाही, शेकोटी नको. एक मोठा अपवाद, लॉख लोमंड आणि ट्रॉसॅक्सच्या नॅशनल पार्कमध्ये ठरावीक तळ्यांच्या काठी मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं, ते ऑनलाइन काढता येतं. माझ्यावर नऊ वर्षांत कुणी ओरडलेलं नाही, उलट गेमकीपर (इस्टेटवरचे शिकारीचे प्राणी सांभाळणारे) लोक थांबून पुढचा ओढा किती भरलाय ते सांगतात.

ताई मी मूळचा नाशिकचा, ग्लासगोत मास्टर्स करतोय, २३ वर्षांचा. बॅजर डिव्हाइड करायचं डोक्यात आहे, ऑक्टोबरच्या शेवटी सुट्टी आहे, एकटा, तीन दिवसात. माझ्याकडे ३५ चे टायर आहेत. होईल ना?

नको रे बाबा. पाय कमी पडतील म्हणून नाही म्हणत, तुझं वय बघता पाय पुरतील. दिवस पुरणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे जातात आणि इन्व्हरनेसला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये रात्री दहाला पण उजेड असतो. तोच रस्ता, पण हातात अर्धा दिवस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बॅजर डिव्हाइड म्हणजे इन्व्हरनेस ते ग्लासगो सुमारे ३३० किलोमीटर, बहुतांश खडी. लॉख नेसच्या वरच्या जंगलातून फोर्ट ऑगस्टस, मग कॉरीयारिकची खिंड, लॅगन, आर्डव्हेरिकीचं जंगल, लॉख ऑसियन, कोरावर, रॅनख, ग्लेन लायन, किलिन, कॅलंडर, अॅबरफॉइल आणि शेवटी वेस्ट हायलँड वे या पायवाटेने ग्लासगो.

यातली कॉरीयारिक नीट समजून घे. फोर्ट ऑगस्टस जवळपास समुद्रसपाटीला, खिंड ७७० मीटरच्या आसपास. जनरल वेडने १७३१ मध्ये सैनिकांकडून हा रस्ता करून घेतला, डोंगरी टोळ्यांची बंडं मोडायला फौज लवकर पोचावी म्हणून, आणि १७४५ मध्ये बंडखोरांचीच फौज याच रस्त्याने दक्षिणेला उतरली. आता बाजूने विजेचे प्रचंड टॉवर जातात, ते बघून कुणाचा मूड जातो, पण धुक्यात मला त्यांचा आधारच वाटलाय. पलीकडच्या उतारावर नागमोडी वळणं आहेत आणि तिथे रस्त्याची बारीक खडी पावसाने धुऊन गेलीये, राहिलेत ते नारळाएवढे सुटे दगड. ३५ च्या टायरवर तू ते चालवणार नाहीस, ढकलणार आहेस.

मी पहिल्यांदा गेले ती मे महिन्यात, चांगला अंदाज बघून. वर पोचेपर्यंत पाऊस आडवा झाला होता आणि वाऱ्यात दहा मिनिटं थांबले तेवढ्यात बोटं अशी बधिर झाली की गियरचा खटका अंगठ्याने दाबेना, तळहाताने ढकलून गियर बदलत होते, भडंगाची पिशवी दाताने फाडली. आपण सह्याद्रीतले लोक पावसाला घाबरत नाही, आणि चूक तिथेच होते, कारण ताम्हिणीचा पाऊस इथल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो पण तो कोमट असतो. इथे पाच-सहा डिग्रीत भिजलेला माणूस थांबला की गार पडायला लागतो. कोरडे हातमोजे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेव, एक नाही, दोन जोड. खाली मेलगार्व्हला बॉथी आहे, म्हणजे डोंगरातली उघडी झोपडी, कुलूप नाही, भाडं नाही, बुकिंग नाही. अशा शंभरेक बॉथी माउंटन बॉथीज असोसिएशन १९६५ पासून सांभाळतेय, स्वयंसेवकांच्या जोरावर. आत लाकडी फळी आणि चार भिंती, पण त्या दिवशी त्या चार भिंतींनी मला वाचवलं असंच मी म्हणेन.

तर तू असं कर. ऑक्टोबरात फक्त कोरावर. ग्लासगोहून ट्रेन थेट जाते, ४०८ मीटरवरचं स्टेशन, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरचं सगळ्यात उंच, आणि तिथे सार्वजनिक मोटाररस्ता पोचतच नाही. उतरलास की समोर रॅनखचं माळरान आणि दीडेक किलोमीटरवर लॉख ऑसियन. तळ्याभोवती दोन्ही काठांनी चांगला रस्ता आहे, फेरी अकरा-बारा किलोमीटरची, ३५ च्या टायरवर आरामात होते. मन भरलं नाही तर दुसऱ्या दिवशी स्ट्रॅथ ऑसियनमधून खाली लॉख लॅगनच्या बाजूला उतर, थोडा हमरस्ता घे, टलख स्टेशनवरून ट्रेन पकड. त्या लाइनवर दिवसात मोजक्याच गाड्या आहेत आणि सायकलची जागा आधी बुक करावी लागते, ते विसरलास तर रात्र तिथेच.

आणि पूर्ण डिव्हाइड मे मध्ये, पाच दिवस घेऊन, ४५ चे टायर टाकून, शक्यतो सोबत कुणीतरी. मोबाइलला तासन्‌तास रेंज नसते. आत्ताच ९९९ वर रजिस्टर असा एसएमएस पाठवून नंबर नोंदवून ठेव, म्हणजे आवाज जाण्याइतकी रेंज नसली तरी मेसेजने मदत मागता येते. घरी कुणालातरी रूट आणि परतायची वेळ सांगून निघ. आईला नाशिकला टेन्शन येईल म्हणून सांगत नाही असं करू नकोस, ग्लासगोतल्या मित्राला तरी सांग.

आम्ही शाकाहारी, अंडं पण नाही. उपाशी मरणार का?

नाही. गावातल्या छोट्या दुकानातसुद्धा ओटकेक, चीज, केळी, शेंगदाणे, बेक्ड बीन्स मिळतात, आणि व्हेजिटेरियन हॅगिस नावाचा ओट-डाळ-भाज्यांचा प्रकार मला मनापासून आवडतो, फक्त अंड्यासाठी प्रत्येक ठिकाणी पाकिटामागचं वाचा. खरी अडचण म्हणजे दुकानांमधलं अंतर. लॅगन सोडलं की किलिनपर्यंत नीटसं दुकान नाही, कोरावर आणि रॅनख स्टेशनवर खायला मिळतं पण सीझनमध्येच. मी घरून मेथीचे ठेपले, भडंग आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू घेते. लाडू थंडीत दगडासारखा होतो, तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.

मिजेस म्हणजे डासच ना? ओडोमॉस चालेल?

डास नाहीत, त्याहून कितीतरी बारीक, ढगाने येतात आणि केसात, कानात, डोळ्यात घुसतात. मे अखेर ते सप्टेंबर, जून ते ऑगस्ट सगळ्यात वाईट, पश्चिमेला जास्त, अव्हीमोरकडे कमी. चालत्या सायकलवर त्रास नाही, कारण थोडा वारा असला तरी त्यांना उडता येत नाही, थांबलात की संपलं. म्हणून पंक्चर काढायचं असेल तर वाऱ्याची उघडी जागा बघा, तळ्याकाठची निवांत सावली नको. इथलंच रिपेलंट घ्या आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी, तिचं काही वजनच नाही.

मिजेसपेक्षा गोचिडीची काळजी घ्या. उंच गवत, नेचे यातून चालत गेलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघा, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटा. नंतर काही दिवसांनी तिथे लाल चट्टा पसरत गेला तर लगेच डॉक्टर, लाइम आजार वेळेत पकडला तर अँटिबायोटिकने बरा होतो. पुण्याला परत गेल्यावर चट्टा आला तर तिथल्या डॉक्टरांना स्कॉटलंडला गेलो होतो हे आवर्जून सांगा, त्यांच्या रोजच्या पेशंटमध्ये हा आजार दिसत नाही.

फोटोत सगळ्या दऱ्या इतक्या रिकाम्या का दिसतात? मधेच पडक्या भिंती दिसतात. तिथे कधी वस्ती होती का?

होती. भरपूर होती. हा प्रश्न विचारणाऱ्या कोल्हापूरच्या शिक्षिकाबाईंना नमस्कार, कारण बहुतेक जण रिकामं म्हणजे सुंदर एवढंच बघतात, आणि मी पण पहिली दोन वर्षं तेच केलं.

१७४६ च्या कलॉडनच्या लढाईनंतर इथली टोळ्यांची जुनी व्यवस्था मोडत गेली आणि पुढची शंभरेक वर्षं जमीनमालकांनी कुळांना दऱ्यांमधून हाकललं, कारण कुळांच्या खंडापेक्षा मेंढ्यांत पैसा जास्त होता. याला क्लिअरन्सेस म्हणतात. माणसं समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर गेली, ग्लासगोच्या कारखान्यांत गेली, जहाजाने कॅनडाला गेली. उत्तरेला स्ट्रॅथनेव्हरमध्ये रोझल नावाचं गाव आहे, १८१४ ते १८१८ च्या दरम्यान रिकामं केलेलं, तिथे मी सायकल फाटकाशी ठेवून आत फिरले. घरांची जोती गुडघ्याएवढी उरलीयेत, एका घराच्या आत गवत बाहेरच्यापेक्षा जास्त हिरवं होतं, तिथे गुरं बांधायचे म्हणून. दोनशे वर्षांनंतरही जमिनीला ते शेण आठवतंय. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल माझी आजी बोलायची, मला तिथे तीच आठवली.

मेंढ्यांनंतर श्रीमंतांच्या शिकारीसाठी हरणं वाढवली आणि हरणांनी झाडांची रोपं खाऊन टाकली, म्हणून डोंगर बोडके. ते आता काही ठिकाणी बदलतंय. अव्हीमोरजवळच्या ग्लेन फेशीमध्ये हरणांची संख्या मुद्दाम खूप कमी केली, आणि आता वाटेच्या दोन्ही बाजूंनी हेदरच्या झुडपांमधून पाइनची पोरं वर येताना दिसतात, काही घोट्याएवढी, काही माझ्या खांद्याएवढी, कुंपण नाही काही नाही, आपली आपण उगवलेली. रस्ता सोपा आहे, नदीकाठाने जातो. पुण्याच्या ताईंनी चौथ्या दिवशी हाच करावा.

माझ्या मिस्टरांचा गुडघा दुखतो, ई-बाइक चालते का या वाटांवर? आम्ही दोघं साठीच्या पुढचे, एकच दिवस आहे ग्लासगोहून.

पेडल मारल्यावरच मदत करणारी, २५० वॅटची, ताशी पंचवीस किलोमीटरला मोटर बंद होणारी ई-बाइक सायकलच धरली जाते, त्यामुळे हक्क तोच. एकच दिवस असेल तर लॉख कॅट्रिनला जा. ग्लासगो शहर १८५९ पासून याच तळ्याचं पाणी पितंय. ट्रॉसॅक्स पिअरवरून बोट घ्या, सायकली बोटीत चढवता येतात, पलीकडे स्ट्रॉनाख्लाखरला उतरा, धक्क्यावर चहा घ्या आणि उत्तर काठाने सायकलवर परत या, एकवीसेक किलोमीटर. रस्ता डांबरी आहे, खडी नाही, पण सार्वजनिक गाड्यांना बंद, त्यामुळे दोघांना शेजारी शेजारी गप्पा मारत चालवता येते. लहान लहान चढ-उतार सतत आहेत, गुडघ्याला तेवढ्यासाठीच मोटर ठेवा, सपाटीवर बंद, म्हणजे बॅटरी पुरते. बोटीवर सायकलींची जागा मोजकी असते, बोटीचं तिकीट काढतानाच सायकलींचं पण बुक करा आणि सकाळची पहिली फेरी घ्या, दुपारनंतर तिथे वारा बहुतेक वेळा समोरून येतो असा माझा अनुभव आहे.